अपडेट मागे घेतलं म्हणे, मग आमच्या पीसीचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोजचं एखादं बिघडलेलं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मागे घेतलं की दुकानात, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाचं लिहून टाकलंय. जळगाव-धुळे-नंदुरबारकडचं आपलं नेहमीचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवलंय, म्हणजे एक डेस्कटॉप, त्यावर टॅली, बाजूला लेझर प्रिंटर, खाली कधीचीच बॅटरी गेलेला यूपीएस. मोठ्या कंपन्यांत आयटीवाला बसलेला असतो, त्यांनी हे वाचायची गरज नाही. क्रम काही लावलेला नाही, जसे प्रश्न आले तसे.

अपडेट मागे घेतलं म्हणजे नेमकं काय केलं हो?

पुढे वाटायचं बंद केलं, बस एवढंच. नळाला गढूळ पाणी आलं म्हणून पालिकेनं व्हॉल्व्ह बंद केला तरी तुमच्या टाकीत आधीच भरलेलं पाणी काही परत जात नाही, तसंच हे. ज्यांच्या पीसीवर ते अजून उतरलं नव्हतं ते वाचले. ज्यांच्याकडे बसलंय त्यांच्याकडे ते बसलेलंच राहतं. बातमीत "मायक्रोसॉफ्टने अपडेट मागे घेतले" असं वाचून लोक निवांत होतात की चला सुटलो, आणि इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

मग कंपनी आपल्या पीसीतून ते स्वतःहून काढत का नाही?

काही वेळा काढते, पण अर्धवट. विंडोजमध्ये 'नोन इश्यू रोलबॅक' नावाची सोय आहे, २०२१ पासून त्याबद्दल उघड बोलायला लागले. त्यात अख्खं अपडेट निघत नाही, बिघडलेला तेवढा तुकडा इंटरनेटवरून बंद करतात आणि जुना कोड परत चालू होतो, तुम्हाला फक्त एकदोनदा रीस्टार्ट मारायला लागतो. पण यात मेख अशी की हे सुरक्षेच्या दुरुस्त्यांना लागू होत नाही आणि त्यासाठी पीसी आधी चालू तर व्हायला पाहिजे, नेटला तर लागायला पाहिजे. जो बिघाडाच्या निळ्या स्क्रीनवरच अडकलाय त्याच्यापर्यंत कुठलाच रोलबॅक पोचत नाही.

२०१८ मध्ये फाईली उडवणारं अपडेट आलं होतं ते खरं होतं का अफवा?

शंभर टक्के खरं, आणि सविस्तर सांगतो कारण आपल्याकडच्या पीसींची रचना बघता तो किस्सा आपल्यासाठीच होता म्हणा ना.

विंडोज १० चं १८०९ नंबरचं अपडेट २ ऑक्टोबर २०१८ ला आलं. आपोआप सगळ्यांना जायचं होतं पुढच्या आठवड्यात, पण ज्यांनी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबलं त्यांना पहिल्या दिवसापासूनच मिळालं. म्हणजे हौसेनं बटण दाबणारे आधी सापडले. दोनचार दिवसांत ओरड सुरू झाली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स रिकामे झालेत, आणि ६ ऑक्टोबरला कंपनीनं वाटप थांबवलं.

आता कारण बघा. आपल्याकडे पीसी असेंबल करताना सी ड्राइव्ह छोटा ठेवायची जुनी सवय, मग दोन वर्षांत सी भरत येऊन लाल होतो, मग कोणीतरी शहाणा माणूस येऊन डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरची जागा बदलून डी वर करून देतो. विंडोजमध्ये ही अधिकृत सोय आहे, काही जुगाड नाही. त्या वेळी विंडोज विचारतं, जुन्या जागेवरच्या फाईलीपण हलवू का? बरेच जण 'नो' दाबतात, कारण तेव्हा घाई असते. मग नवीन फाईली डी वर जातात आणि जुन्या सी वरच राहतात, त्याच नावाच्या जुन्या फोल्डरात.

आधीच्या अपडेटनंतर लोकांनी तक्रार केलेली की असे रिकामे जुळे फोल्डर उगाच दिसतात, ते काढा. म्हणून १८०९ मध्ये ते काढून टाकणारा कोड घातला. फक्त तो फोल्डर खरंच रिकामा आहे का हे नीट तपासलं नाही. समजा शिरपूरचा एखादा फोटो स्टुडिओवाला आहे, त्यानं पिक्चर्स डी वर नेलं पण मागच्या तीन लग्नसराईंचे फोटो सी वरच्या जुन्या फोल्डरात राहिले, तर अपडेटनं तो फोल्डर फालतू समजून आतल्या फोटोंसकट उडवला असता. रिसायकल बिनमध्ये पण नाही. ज्यानं काहीच हलवलं नव्हतं, सगळं डेस्कटॉपवर फेकून ठेवलं होतं, तो आळशी माणूस मात्र सुखरूप. व्यवस्थित राहणाऱ्यालाच फटका, याचा राग येणारच ना.

दुरुस्त करून तेच अपडेट १३ नोव्हेंबरला परत सोडलं, तोवर दिवाळी उलटून गेली होती. त्यानंतरही नेटवर्कवर जोडलेल्या ड्राइव्हवर रीस्टार्टनंतर लाल फुली यायची ती भानगड काही काळ होतीच.

एवढी मोठी कंपनी, टेस्टिंग करत नाही का?

करते, पण बरीचशी टेस्टिंग आपल्यासारख्यांकडूनच करून घेते. 'इन्सायडर' म्हणून हौशी लोकांचा मोठा गट आहे, २०१४ पासून, ते कच्ची विंडोज वापरतात आणि चुका कळवतात. १८०९ च्या वेळी चीड आणणारी गोष्ट ही की फाईली उडण्याच्या तक्रारी रिलीजच्या आधीच आल्या होत्या. पण तक्रारींचा क्रम लागायचा मतांवर, जिला जास्त लाईक ती वर. आयकॉनचा रंग आवडला नाही याला शेकडो मतं, आणि एखाददुसरा ओरडतोय माझे फोटो गेले तर तो खाली कुठेतरी गाडला गेलेला. नंतर कंपनीनं फॉर्ममध्ये 'त्रास किती गंभीर आहे' हे सांगायची सोय घातली. हे आधी सुचायला काय हरकत होती, हा माझा आपला प्रश्न. शिवाय शेवटच्या टप्प्यात रिलीज प्रीव्ह्यू नावाचा जो गट असतो त्यांना ते अपडेट त्या वेळी आधी दिलंच नव्हतं.

पण कंपनी तर म्हणते फार थोड्या लोकांना त्रास झाला?

त्या वेळचा त्यांचा आकडा होता एका टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारात एक. तेही ज्यांनी कळवलं तेवढेच. आता आपल्या इकडे पीसी बिघडला तर माणूस मायक्रोसॉफ्टला कळवतो का? तो कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे जातो, रिपेअरवाला फॉरमॅट मारतो, विषय संपला. त्यामुळे असे आकडे वाचताना मी तरी दोन हात लांबच राहतो. कोटींच्या हिशोबात दहा हजारात एक म्हणजे पण हजारो घरं होतात.

अपडेट बसलं आणि तेव्हापासून पीसी बिघडलाय. मागे कसं जायचं?

आधी हे ठरवा की कुठलं अपडेट बसलंय. दर महिन्याचं छोटं असतं त्याला क्वालिटी अपडेट म्हणतात आणि वर्षातून एकदा येणारं मोठं, ज्यात विंडोजचा नंबरच बदलतो, ते फीचर अपडेट.

पीसी चालू होत असेल तर छोट्यासाठी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, तिथे खाली अनइन्स्टॉल अपडेट्स. केबी आणि पुढे आकडा असं नाव असतं, तारखेवरून ओळखा. मोठ्यासाठी सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, आणि तिथे 'गो बॅक'. पण ही गो बॅकची सोय फक्त १० दिवस असते. जुनी विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात ठेवलेली असते, दहा दिवसांनी ती आपोआप साफ होते. आणि आपल्याकडे काय होतं, तो फोल्डर वीसेक जीबीचा दिसतो, सी आधीच लाल असतो, कोणीतरी पोरगा डिस्क क्लीनअप मारतो आणि परतीचा रस्ता स्वतःच्या हातानं बुजवतो. मोठं अपडेट घेतल्यावर दहा दिवस त्या फोल्डरला कोणीही हात लावायचा नाही, असं सरळ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

पीसी चालूच होत नसेल तर सुरू होताना पॉवर बटण दाबून बंद करायचा, असं दोनतीनदा केलं की विंडोज स्वतःच रिपेअरची निळी स्क्रीन आणतं. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. दोन पर्याय येतील, क्वालिटी आणि फीचर. आधी क्वालिटी करून बघा.

काढलं की लगेच अपडेट पॉज करा, नाहीतर रात्रीत तेच परत येऊन बसतं आणि सकाळी तुम्ही मला फोन करता की दादा, तुम्ही केलेलं टिकलं नाही.

रिपेअरच्या स्क्रीनवर माऊसच हलत नाही, कीबोर्डपण नाही. आता?

हे ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनं करून दाखवलं होतं, केबी५०६६८३५. विंडोज चालू असताना सगळं ठीक, पण रिकव्हरीत गेलं की यूएसबीचा माऊस-कीबोर्ड मेलेला, म्हणजे दवाखान्याच्या दारालाच कुलूप. २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, घाईघाईनं दुरुस्तीचं वेगळं अपडेट सोडलं त्यांनी. ज्यांच्याकडे जुना गोल पिनवाला कीबोर्ड होता आणि मदरबोर्डला तो जांभळा पोर्ट होता त्यांचं काम चालू राहिलं. तेव्हा भंगारात देऊ नका तो, एक असू द्या कपाटात.

अपडेटनंतर ४८ आकडी की मागतोय, आम्ही तर कुठला पासवर्ड ठेवलाच नव्हता.

ती बिटलॉकरची रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तुम्हाला पत्ताही नसतो. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनं काही इंटेल मशीनवर हीच स्क्रीन आणली होती आणि नंतर वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. मोबाईलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये ती की असते. अडचण अशी की लॅपटॉप घेताना दुकानदाराच्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर अकाउंट बनवून दिलेलं असतं आणि तो पोरगा आता पुण्याला नोकरीला. त्याला फोन लावा, लाजू नका. की मिळालीच नाही तर त्या डिस्कवरचा डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही. मी काढून देतो म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका.

"मना फोटो कथा ग्यात भो?"

माझे फोटो कुठे गेले भाऊ, असा अमळनेरहून अहिराणीत आलेला हा प्रश्न जसाच्या तसा ठेवलाय कारण यापेक्षा नेमका विचारता येणार नाही.

पहिलं म्हणजे घाबरून काहीही इन्स्टॉल करू नका. फाईली खरंच गेल्या का लपल्या ते बघा. फेब्रुवारी २०२० च्या एका अपडेटनंतर, केबी४५३२६९३, काही जणांना विंडोज टेम्पररी प्रोफाईलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कोऱ्या खात्यात, घेऊन जात होतं, डेस्कटॉप कोरा, स्टार्ट मेनू कोरा, लोकांना वाटलं सगळं साफ. प्रत्यक्षात सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरात त्यांच्याच नावाचा दुसरा फोल्डर होता, शेवटी .००० नाहीतर .बॅक लागलेला, आणि आत सगळं जागच्या जागी. दोनतीनदा रीस्टार्ट मारून पण काहींचं परत आलं.

खरंच उडाल्या असतील तर पीसी बंद करा. आत्ता. त्यावर यूट्यूबवर रिकव्हरी कशी करायची हे बघत बसू नका, कारण ब्राउझर जे काही साठवतं ते तुमच्या फोटोंच्या जागेवर जाऊन बसू शकतं. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचं आणि मिळालेलं तिसऱ्याच डिस्कवर टाकायचं. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर बऱ्यापैकी आशा असते. एसएसडी असेल तर ती स्वतःच रिकाम्या जागा साफ करत राहते, तिथे खोटी आशा मी लावत नाही.

त्यापेक्षा अपडेट कायमचं बंदच करून द्या ना दादा.

हे सगळ्यात जास्त मागितलं जातं आणि मी करून देत नाही. इकडेतिकडे दोनशे रुपयात करून देतात, सर्व्हिस डिसेबल मारतात, मला माहितीये.

राग समजतो मला. पण १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला होता आठवतंय का, फाईली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारा? त्याची लस म्हणजे सुरक्षेचं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलेले तेच मोठ्या संख्येनं गेले. लगेच पुढच्या महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा तसलाच दुसरा व्हायरस आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल बंद पडलं, आपल्या रावेर-यावलच्या केळीचे कंटेनर ज्या बंदरातून आखातात जातात तेच. आणि गंमत ऐका, तो नॉटपेट्या युक्रेनमध्ये घुसला तो एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, कारण हॅकर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये आधीच शिरले होते. म्हणजे अपडेट घेतलं तरी मार, नाही घेतलं तरी मार असं तुम्ही म्हणाल. अगदी तसं नाहीये. बिघडलेलं अपडेट मागे घेतात, दुरुस्त करून देतात. कुलूपबंद झालेली टॅलीची कंपनी फाईल कोणी परत देत नाही.

मग घ्यायचं तरी कधी?

दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, अमेरिकेतल्या सकाळी. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणून बुधवारी सकाळी दुकान उघडलं की पीसी फिरत बसतो, तुमच्या नशिबाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्या आठवड्यात पॉज करून ठेवा, आठदहा दिवस बातम्या बघा, बोंबाबोंब नसेल तर घ्या. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत पॉज करता येतं.

महिन्याच्या शेवटाकडे 'प्रीव्ह्यू' लिहिलेलं ऑप्शनल अपडेट येतं त्याला हात लावायचा नाही. जून २०२४ चं तसलंच एक, केबी५०३९३०२, काही मशीन परत परत रीस्टार्ट होत राहतात म्हणून थांबवावं लागलं होतं. ज्याला हौस आहे त्याला घेऊ द्या. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज' असं एक बटण असतं तेही बंदच ठेवा.

मोठं फीचर अपडेट दोनतीन महिने जुनं झाल्याशिवाय मी कुणाच्याच धंद्याच्या पीसीवर टाकत नाही. आणि जीएसटी रिटर्नची तारीख, पीकविम्याची शेवटची तारीख, दहावी-बारावीचे फॉर्म, या दिवसांत कुठलंही नाही.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

छोट्यामध्ये बऱ्याचदा काही होत नाही, परत चालू झालं की विंडोज स्वतःच 'अनडूइंग चेंजेस' म्हणत मागे येतं. मोठ्यामध्ये जुगार आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लाईटचा भरवसा नाही आणि जुना यूपीएस तर पंधरा सेकंद टूंटूं करून मान टाकतो. दुपारी मोठं अपडेट लावू नका. इन्व्हर्टरवर असेल तर रात्री लावा, लॅपटॉप असेल तर फुल्ल चार्ज करून चार्जर लावूनच.

अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर चालत नाही, शेवटी ११बी लिहिलेला एरर येतो.

सप्टेंबर २०२१ पासूनचं दुखणं हे. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंटिंगमध्ये सुरक्षेची भोकं सापडत गेली, ती बुजवताना एका पीसीवरून दुसऱ्या पीसीच्या प्रिंटरला जायचे नियम कडक केले. दोन्ही पीसी अपडेट असतील तर बऱ्याचदा जमतं, एक जुना एक नवा असेल तर भांडण. सगळीकडे एक रजिस्ट्री फाईल (विंडोजच्या आतली सेटिंग बदलणारी) फिरते जी डबल क्लिक केली की प्रिंटर चालू होतो, ती म्हणजे बुजवलेलं भोक परत उघडणं आहे. प्रिंटरला नेटवर्कची केबल लागत असेल तर सरळ राउटरला लावा आणि प्रत्येक पीसीवर आयपीनं, म्हणजे प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यानं, टाका, मधल्या पीसीची कटकटच नको.

जिनिंगच्या भुईकाट्यावरचा पीसी, अपडेटनंतर वजन येणंच बंद झालं.

कापसाच्या सीझनमध्ये हा फोन ठरलेला असतो आणि मागून ट्रॅक्टरवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येतो. काट्याच्या इंडिकेटरमधून येणारी वायर जुन्या सीरियल पोर्टची असते, पीसीला तसला पोर्ट नसतो, म्हणून मध्ये तीनचारशे रुपयांचं यूएसबी कन्व्हर्टर. अपडेट त्याचा ड्रायव्हर बदलून टाकतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून पोर्ट्समध्ये बघा, पिवळा त्रिकोण असेल, आणि काही वेळा नावाच्या जागीच लिहिलेलं असतं 'फेज्ड आऊट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर'. सप्लायर कोण? रेल्वे स्टेशनसमोरचा दुकानदार, तो काय सांगणार.

त्यावर राईट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउज, 'लेट मी पिक', आणि यादीतून जुन्या तारखेचा ड्रायव्हर निवडा. कॉम पोर्टचा नंबर आधी होता तोच आहे ना ते पण बघा, काट्याचं सॉफ्टवेअर त्याच नंबरवर बसलेलं असतं. खरं सांगायचं तर काट्याच्या पीसीला इंटरनेटच देऊ नका, त्याला फक्त वजन घेऊन पावती काढायचीय. सेवा केंद्रांवरच्या अंगठ्याच्या मशीनचं पण असंच, फक्त तिथे नेटशिवाय चालत नाही, म्हणून त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी अंगठा घेणारं सॉफ्टवेअर, त्याची फाईल पेनड्राइव्हवर तयार ठेवा.

२०२४ मध्ये विमानं थांबली होती, ते पण विंडोज अपडेटच ना?

नाही. ते क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाईल होती, विंडोजची नाही, पण विंडोजच्या पार आत बसणारी. १९ जुलै २०२४, आपल्याकडे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला सोडली आणि अकराच्या आत मागे घेतली, ७८ मिनिटं फक्त. तेवढ्यात ८५ लाख मशीन निळ्या झाल्या आणि आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. फाईल मागे घेऊनही बहुतेक मशीनपाशी माणूस जाऊन, सेफ मोडमध्ये चालू करून, ती फाईल हातानं डिलीट करायला लागली, कुठे कुठे कित्येक दिवस. पहिल्या प्रश्नात जे म्हणलं ते हेच. घरच्या पीसींना काही झालं नाही कारण ते महागडं सॉफ्टवेअर आपल्याकडे असतंच कुठे.

मोबाईलचं पण असं होतं का?

होतं की. २४ सप्टेंबर २०१४ ला आयफोनचं ८.०.१ आलं आणि नव्या आयफोन ६ वर नेटवर्कच गायब, अंगठापण लागेना. तासाभरात मागे घेतलं तरी तोवर ४० हजाराच्या आसपास फोन सापडले होते. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे तो फोन तेव्हा यायचाच होता म्हणून कुणाला कळलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला शाओमीच्या एमआय ए३ चं अँड्रॉइड ११ आलं ते मात्र आपल्याकडे बऱ्याच जणांना लागलं, फोन रीस्टार्ट झाला तो झालाच नाही, डबडं. कंपनीनं अपडेट थांबवलं आणि वॉरंटी नसली तरी फुकट करून देऊ म्हणाले.

मोबाईलमध्ये मागे जायचा रस्ता जवळपास नसतोच, म्हणून तिथे जास्त थांबा. अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडतात, मित्राला आलं आणि तुम्हाला नाही यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, त्याच्या फोनचं काय होतं ते बघून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आदल्या रात्री.

नुकसानभरपाई मिळते का?

प्रयत्न करायला हरकत नाही पण फार आशा ठेवू नका. तो 'आय अ‍ॅग्री' आपण दाबलेला असतो ना, त्यात कंपनीनं स्वतःची जबाबदारी फार थोडी ठेवलेली असते. तरी कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी न मागता आलेल्या विंडोज १० मुळे धंदा बुडाला म्हणून छोट्या दाव्यांच्या कोर्टात मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर मिळवले होते, २०१६ ची बातमी आहे. इटलीत ऑक्टोबर २०१८ मध्ये अपडेटनं जुने फोन हळू केले म्हणून अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड झाला.

आपल्याकडे १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल, एररचे फोटो, तारखा, सर्व्हिस सेंटरचं जॉबशीट, सगळं जपून ठेवा. गेलेल्या डेटाची किंमत किती हे सिद्ध करणं हीच खरी अवघड गोष्ट. आणि विंडोज क्रॅक मारलेली असेल तर हा प्रश्न वाचलाच नाही असं समजा.

अपडेट मागे घेतलं हे आम्हाला कोणी सांगत का नाही?

मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज रिलीज हेल्थ' नावाचं पान आहे, त्यावर चालू बिघाडांची यादी असते. इंग्रजीत आणि गुळगुळीत भाषेत. वीज बिल भरा म्हणून चार मेसेज येतात, पण तुमच्या पीसीवर बसवलेलं अपडेट आम्हीच थांबवलंय असा एक मेसेज स्क्रीनवर दाखवायला यांना काय जड जातं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्याकडे अजून विंडोज १० आहे. आता अपडेटच येत नाही म्हणजे कटकट संपली ना?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळायची सोय ठेवली आहे, नाव नोंदवायला लागतं. नाव नोंदवलं नाही तर बिघडलेलं अपडेट येणार नाही हे खरं, पण भोकंपण बुजणार नाहीत, आणि जीएसटी-बँकेचं काम त्याच पीसीवर करायचं तर मी तरी करणार नाही. जुन्या प्रोसेसरवर जबरदस्तीनं विंडोज ११ मारून देतात, ते चालतं, पण पुढची मोठी अपडेट आपोआप येत नाहीत आणि बिघडलं तर कंपनी हात वर करते.

हे सगळं वाचायला वेळ नाही, माझा पीसी आत्ता ३५ टक्क्यांवर अडकलाय. आते काय करानं?

कॅबिनेटवरचा छोटा लाल नाहीतर पिवळा लाईट बघा, हार्ड डिस्कचा. लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे, जुन्या हार्ड डिस्कवर दोनतीन तास लागतात, हात लावू नका. तासाभरापासून लाईट अजिबात हलला नसेल तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल, यूएसबीला जे काय लावलंय ते काढा, अजून अर्धा तास द्या. तरी नाही तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि परत चालू करा. मागे येत असेल तर येऊ द्या, त्यालापण तासभर लागतो. पुन्हा तिथेच येऊन अडकला तर वरचा "मागे कसं जायचं" हा प्रश्न मोबाईलवर उघडा आणि तिथलं पीसी चालू होत नसेल तर काय करायचं ते करा, आधी क्वालिटी मग फीचर, आणि चालू झाल्या झाल्या पॉज मारा.